मुक्काम पोस्ट मुगभाट

आमचे एक मेहुणे आहेत, अकोल्याकडचे. चांगली चाळीस एकर जमीन बाळगून आहेत. मुंबईच्या माणसाला मराठी बोलता येतं याचंच त्यांना कौतुक वाटतं. बाकी त्याला काही येत असेल यावर त्यांचा विश्वास नाही. माझ्या बहिणीशी लग्न झाल्यावर ते पहिल्यांदा आमच्या बिऱ्हाडी यायचे होते, म्हणून मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं : "चर्नी रोडला उतरा. कुणी कांदेवाडी सांगेल, कुणी केळेवाडी, कुणी आंबेवाडी. कुणाचं ऐकू नका. फणसवाडीपर्यंत पोचलात तर फार पुढे गेलात असं समजा. बोरभाट आणि मुगभाट यांत गल्लत करू नका. आम्ही मुगभाटात राहतो."

मेहुणे आले. सामान खाली ठेवण्याआधी त्यांनी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. खाली नळ, नळापाशी सात बादल्यांची रांग, समोरच्या चाळीत दोऱ्यांवर वाळत घातलेले लेंगे. मग माझ्याकडे वळून ते अगदी शांतपणे म्हणाले, "अन् मूग कुठी हायेत?"

आई पदर तोंडाला लावून आत पळाली. मी काहीतरी पुटपुटलो. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढे पस्तीस वर्षं लागली.

तर, मूग होते. खरोखरच होते. भाट म्हणजे लागवडीची जमीन. कोकणात आणि गोव्यात नारळी-पोफळीच्या बागेला अजून भाट म्हणतात. मुगाचं ते मुगभाट, बोरींचं ते बोरभाट. कांदेवाडीत कांदे होते, केळेवाडीत केळी होत्या आणि फणसवाडीत काय होतं हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आमच्या गिरगावचा पत्ता म्हणजे मंडईत जाताना बायकोने हातात दिलेली यादी आहे. फरक इतकाच, की यादीतलं काही आणायचं विसरलं तर बायको बोलते आणि इथे सगळीच यादी विसरली गेली तरी कुणी काही बोललं नाही.

इंग्रजांना 'वाडी' म्हणणं जड गेलं असावं. त्यांनी पोर्तुगिजांचा बागेसाठीचा 'ओर्ता' हा शब्द उचलला आणि आपल्या जिभेवर घोळवून त्याचा 'ओर्ट' केला. कंपनीच्या जुन्या दप्तरांत आपल्या नारळीच्या वाड्या 'ओर्ट' म्हणून नांदतात. आता गंमत पाहा. या बेटाच्या एका जुन्या आणि बड्या भाडेकरूचं आडनावही ओर्ताच. गार्सिया द ओर्ता, गोव्यातला पोर्तुगीज वैद्य. सोळाव्या शतकात या गृहस्थाने पोर्तुगालच्या राजाकडून मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेतलं होतं. खोली नव्हे, बेट! १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात त्याने आपल्या मुंबईतल्या आंब्याचं कौतुक केलं आहे : झाड वर्षातून दोनदा फळतं म्हणे. ग्रंथ वैद्यकाचा, पण या ठिकाणी वैद्य बाजूला राहून घरच्या झाडाचा अभिमान बोलतो. गॅलरीत एक मिरची धरली तरी चार खोल्यांना दाखवून येणारा माणूस मी स्वतः असल्यामुळे मला ही वृत्ती चांगली ओळखता येते.

पुढे १६६८ साली इंग्लंडच्या राजाने हेच बेट कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. आमच्या खोलीचं भाडं महिना एकोणतीस रुपये होतं आणि ते फार कमी आहे अशी घरमालकाची कायमची तक्रार होती. त्याला ही हकिकत ऐकवायला हवी होती.

त्या काळच्या वाडीवाल्यांचं एक रहस्य मात्र मला आईमुळे कळलं. नारळीच्या मुळाशी ते मासळीचं खत घालत. कुजलेल्या मासळीचं. इंग्रज त्याला 'बकशॉ' म्हणत आणि बेटावरच्या तापाला हीच दुर्गंधी कारण आहे असं ठासून सांगत. हे खत घालायला बंदीसुद्धा झाली. आमच्या आईने यातलं अक्षर वाचलेलं नव्हतं, पण मांदेली धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या डब्यात ओतायचं हा तिचा नेम. शेजारच्या शाकाहारी काकू नाकाला पदर लावून म्हणत, "अहो, ताप येईल हो कुणाला तरी!" म्हणजे कंपनी सरकारचंच धोरण, फक्त मराठीत. पण त्याच काकू कढीला फोडणी देताना वाटी घेऊन आमच्या दारात येत आणि म्हणत, "तुमच्या पाल्याला काय वास आहे हो!" वास कशाचा, हे त्यांना सांगायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

वाड्या गेल्या कशा, ही गोष्ट लांब नाही. १८०३ साली कोटात मोठी आग लागली आणि माणसं कोटाबाहेर सरकू लागली. १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, मग गिरण्या वाढल्या, गिरण्यांमागून माणसं आली. माणूस आणि केळ एका जागी राहू शकत नाहीत. दोघांना पाणी फार लागतं. परळ-लालबागकडची भातखाचरं गिरण्यांखाली गेली आणि गेल्या तीसेक वर्षांत गिरण्या टॉवरांखाली गेल्या. लालबागच्या नावात बाग राहिली, चिंचपोकळीच्या नावात चिंच. (भेंडीबाजारच्या भेंडीच्या भानगडीत पडू नये. ती खायची भेंडी नव्हेच. ते भेंडीचं झाड. आणि ते झाडही नव्हे, साहेबाच्या इंग्रजीचा अपभ्रंश आहे, असं म्हणणारेही आहेत.) सगळ्यांत कडी शिवडीची. पश्चिम हिंदुस्थानच्या शेती-बागायत मंडळीची तिथे सुंदर बाग होती. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरने ती जागा घेतली आणि तिथे ख्रिस्ती दफनभूमी केली. पेरणी चालू राहिली, उगवणं बंद झालं.

गिरगावात राहिल्या होत्या विहिरी. त्यांच्यावरही गदा आली ती डासामुळे. ताप कुजक्या मासळीने येत नाही, डासाने येतो, हे एव्हाना कळलं होतं. १९११ मध्ये डॉक्टर बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाबद्दल अहवाल दिला, त्यात शहरातल्या विहिरींकडे बोट होतं. मग त्या झाका नाहीतर बुजवा, असा रेटा सुरू झाला. डॉक्टरांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला माणूस येई. एकदा त्याने माझ्या पुदिन्याच्या ताटलीतलं पाणी विजेरी लावून दाखवलं. आत सतरा अळ्या आनंदाने नाचत होत्या. मी पुदिन्याच्या वतीने त्याची माफी मागितली.

पण खालची शेती संपली म्हणून गिरगावकर स्वस्थ बसला नाही. त्याने ती वर नेली. आमच्या चाळीत जमीन नव्हती, पण डबे होते. डालड्याचा डबा, घासलेटचा डबा, फुटका माठ, बूड गेलेली बादली. प्रत्येक बिऱ्हाडापुढे तीन फूट गॅलरी आणि तिच्या कठड्यावर प्रत्येकाचं संस्थान. तुळस सगळ्यांकडे. दुसऱ्या मजल्यावरच्या नानांकडे ओवा. चाळीतल्या कुणाही पोराचं पोट दुखलं की दोन पानं तोडायचा हक्क सार्वजनिक. कोपऱ्यातल्या वहिनी वाळूत मेथी लावत. समुद्रमेथी म्हणून इवल्याशा जुड्या मुंबईच्या बाजारात मिळतात ना, तीच. स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, ओल्या वाळूत दाट पसरायचे, दहा-बारा दिवसांत बोटभर मेथी तयार. मुळं कापून टाकायची, वाळू जाईपर्यंत चार पाण्यांतून काढायची आणि भरपूर लसणीवर परतायची. डबाभर मेथीची भाजी वाटीभर होते. म्हणून वहिनींकडे मेथी तयार झाल्याचं चाळीला नेहमी दुसऱ्या दिवशी, भांडी घासताना कळायचं.

आणि मागच्या अंगाला, नळाच्या सांडपाण्यावर, आमचं अळू.

हे अळू आमच्या आजीने लावलं १९४३ साली. मुंबईत रेशनिंग आलं ते याच वर्षी. सरकारची 'अधिक धान्य पिकवा' मोहीम जोरात होती. तिकडे लंडनच्या टॉवरभोवतालच्या खंदकातही साहेबाने भाज्या लावल्या होत्या. आजीला लंडनचं काही माहीत नव्हतं. तिने पेणहून चार कांदे आणून नळामागच्या चिखलात खोचले आणि दोस्तराष्ट्रांच्या बाजूने युद्धात उडी घेतली. युद्ध संपलं, अळू संपलं नाही. ऐन मे महिन्यात नळ कोरडा ठणठणीत असतानासुद्धा त्याची पानं हत्तीच्या कानासारखी. असं का, हे कुणाला कळत नव्हतं.

त्या अळूत एक दोष होता. खाजायचं. बाजारच्या अळूला चिंचेचा एक बुटूक पुरतो, आमच्याला मूठभर लागायची. अळवाच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, असं शास्त्र सांगतं. आमचं अळू नुसतं टोचून थांबत नव्हतं. पण चणाडाळ, दाणे, मुळ्याच्या चकत्या आणि आईच्या हातची चिंच-गुळाची तोल सांभाळणारी आमटीसारखी पातळ भाजी झाली, की लग्नाच्या पंगतीतलं अळू त्यापुढे पाणी भरायचं. पानं भाजीला, देठ दह्यात, वडीचं काळ्या देठाचं अळू तेवढं बाजारातून. चाळीतलं कुठलंही केळवण या अळवाशिवाय झालेलं मला आठवत नाही.

२०१४ साली मी सेवानिवृत्त झालो. सेवानिवृत्त माणूस घरात बसला की घरातली माणसं घाबरतात. मी शेती करायची ठरवली तेव्हा आमच्या हिला इतका आनंद झाला, की तिने आपला जुना कुकरही डब्यांत काढून दिला.

मी वाचन केलं. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्यांना जोडून त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि शहरातल्या गच्चीवरही घरचा ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून पीक काढता येतं, हे लोकांच्या मनात भरवलं. त्याच वाटेने पुढे मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाज्या-फळं पिकवली. गोदी कामगारांच्या जेवणातला ओला कचरा खाली न जाता वर जिरू लागला. मला यातली एक गोष्ट फार पटली. माती जवळजवळ लागतच नाही, म्हणजे वजन नाही. आमच्या चाळीला चार टेकू लागलेले होते. ओल्या मातीचे वीस डबे कठड्यावर ठेवले असते तर माझी शेती मूळ जागी, म्हणजे तळमजल्यावर, परत गेली असती.

तेव्हा मी रसाच्या दुकानातून उसाची चिपाडं आणली. चिपाडं कुजायला लागली. चिपाडांमागून मुंग्या आल्या. मुंग्या शिस्तीच्या, त्या आधी माझ्याकडे आल्या, मग क्रमाने तीन, चार आणि पाच नंबरच्या खोल्यांत गेल्या. चाळीची बैठक बसली. नाना म्हणाले, "चाळीस वर्षं बँकेत काढलीत, तेव्हा तुमचा कुणाला त्रास नव्हता." मी चिपाडांत कडुनिंबाचा पाला मिसळला, बैठक उठली. मग कबुतरं आली. कोंब वर आला की कबुतर खाली यायचं. शेवटी हिच्या जुन्या नायलॉनच्या साडीची जाळी करून डब्यांवर ताणली, तेव्हा कुठे २०१६ च्या पावसाळ्यात माझ्या शेताने तोंड वर काढलं. भेंडी, लाल माठ, पडवळाचा एक वेल आणि एका डब्यात, मेहुण्यांच्या नावाने, मूग.

आई तेव्हा चौऱ्यांशीची. माझ्या शेतीकडे तिने तोवर ढुंकून पाहिलं नव्हतं. श्रावण संपत आला तसं तिने विचारलं, "ऋषिपंचमीला होईल का रे तुझं?"

ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगतो. गणेशचतुर्थीचा दुसरा दिवस ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं काही चालत नाही. माणसाने हाताने लावलेलं, आपोआप उगवलेलं तेवढं चालतं. म्हणून अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळी, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, असं मिळेल ते एकत्र शिजवून भाजी करायची. ओली मिरची, चिंच, ओलं खोबरं. मसाल्याचं नाव काढायचं नाही. या भाजीला इतकी चव कुठून येते हे मला आजवर समजलेलं नाही. आता दादरच्या नाहीतर भायखळ्याच्या बाजारात त्या दिवशी या भाज्या सोन्याच्या भावाने घ्यायच्या आणि त्यांना बैल लागला नव्हता यावर भाजीवालीच्या शब्दाखातर विश्वास ठेवायचा, हे आईला पासष्ट वर्षं खुपत होतं.

मी म्हटलं, "आई, आता बैल राहिलेत कुठे?" तिने तडक अकोल्याला फोन लावला. "जावईबापू, बैल किती तुमच्याकडे?" मेहुणे म्हणाले, बैल विकले, ट्रॅक्टर घेतलाय. मी म्हटलं, "झालं! बैलाचे कष्ट नाहीत. आता काहीही चालेल." आईने क्षणभर विचार केला. म्हणाली, "तो डिझेल पितो ना? पिऊन काम करणाऱ्याचं मला चालायचं नाही."

एरवी मी हसलो असतो. पण आदल्याच आठवड्यात चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या होत्या. या चाळीतली ऋषिपंचमी बहुधा शेवटची, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. पंचमीला विसर्जनाआधी चौदा पानं. सकाळी सहाला मी सूप घेऊन कापणीला गेलो. पीक मोजून घेतलं : भेंड्या अकरा, त्यांतल्या दोन जून. पडवळ एक, वीतभर, वाकडं. माठ दोन मुठी. मुगाच्या शेंगा तीन. आजवरच्या खर्चाला भागलं तेव्हा एक भेंडी एकशेनव्वद रुपयांना पडली होती. सगळं चिरून पातेल्यात टाकलं तर पातेल्याचं बूड झाकलं नाही. ही माझ्याकडे बघेना, मी हिच्याकडे बघेना. तेवढ्यात आई काठी टेकत स्वतः जिना उतरली. दोन वर्षांत ती खाली उतरली नव्हती. नळामागे जाऊन तिने अळवाची पानं कापली, एवढी की वर आणायला दोन पोरं लागली. कोपऱ्यातल्या वहिनींनी मेथी दिली (त्या वर्षी आदल्या दिवशी सांगून), नानांनी कुठल्याशा नातलगाच्या विरारच्या परसातला भोपळा दिला. पातेलं भरलं. चौदांना पुरून उरलं.

तीन शेंगांचे एकोणीस मूग निघाले. ते मी पाकिटात घालून अकोल्याला पाठवले. वर लिहिलं, "हे घ्या मूग." उलट टपाली मेहुण्यांचं कार्ड आलं : "माल मिळाला. प्रत बरी आहे. एकरी उतारा कळवावा."

२०१७ साली चाळ रिकामी झाली. निघताना आईने घासलेटच्या डब्यात अळवाचे चार कांदे घेतले. बाकी सामानाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आम्ही दादरला भाड्याच्या जागेत गेलो. तिथली खिडकी उत्तरेची, ऊन नाही. अळू जगलं, पण पानं कोथिंबिरीला लाजवतील एवढीच. पुढच्या वर्षी पायाचं खोदकाम सुरू झालं आणि एक दिवस तिथल्या रखवालदाराचा फोन आला, "साहेब, विहीर निघालीय!"

आई टॅक्सी करून बघायला आली. पत्र्याच्या फटीतून तिने पाहिलं. आमच्या नळाच्या बरोबर मागे, अळवाच्या खाली, घडीव दगडांची गोल विहीर. डबराने भरलेली, आणि डबर उपसल्यावर तळाशी पाणी. म्हणजे मे महिन्यात आमचं अळू ज्या पाण्यावर माजत होतं ते नळाचं नव्हतंच. मुगाला आणि केळीला पाणी देऊन संपलेली, बुजवलेली, कागदावरून गेलेली ती विहीर शंभर वर्षं आमच्या अळवाला गुपचूप पाणी पाजत होती. पंप लावून पाणी काढायला कंत्राटदाराला तीन आठवडे लागले. आई फक्त एवढंच म्हणाली, "तरीच."

नवीन इमारतीत आम्ही २०२३ मध्ये परत आलो. चौदावा मजला. कठड्यावर कुंड्या ठेवू नयेत असा सोसायटीचा नियम, आणि तो बरोबर आहे. चौदाव्या मजल्यावरून पडलेलं अळू खालच्याला कुठल्याही चिंचेने उतरायचं नाही. डबा बाल्कनीत आत ठेवला. ऊन भरपूर, वारा सुसाट. दुसऱ्या पावसाळ्यात एक पान असं आलं की आईने ते मोजायला शिलाईची टेप मागितली.

त्या वर्षी गणपतीला मेहुणे आले होते. लिफ्टने वर आले, धाप लागली नाही, बाल्कनीत गेले, खाली वाकून पाहिलं. मी आधीच म्हटलं, "विचारू नका." ते हसले.

पंचमीला पानं वाढली. भाजी बाजारातलीच होती, पण अळू घरचं. दुसऱ्याच घासाला मेहुण्यांनी हात थांबवला, घसा खाकरला, पाणी प्याले, परत खाकरले. जावई माणूस, बोलायचं कसं! हिने जीभ चावली. गडबडीत चिंच बाजारच्या अळवाच्या हिशेबाने पडली होती.

आईने घास घेतला, थोडा वेळ घोळवला, आणि तिचा चेहरा उजळला.

"खाजलं ना हो?" ती मेहुण्यांना म्हणाली, "मग आपलंच आहे."

मी चिंचेचा कोळ आणायला उठलो.